नखांची रचना आणि वाढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यात त्वचारोगांवर उपचार करताना नखांविषयी जे प्रश्न वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे एकत्र केले आहेत. त्यांपैकी बरेचसे रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातून आणि कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आलेले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले असून, जेथे विषय दुसऱ्या प्रश्नाला जाऊन मिळतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण निम्मी उत्तरे तिच्यावरच उभी आहेत: बोटाच्या टोकाशी आज दिसणारे नख सुमारे सहा महिन्यांपूर्वी मुळाशी तयार झालेले असते.

१. नख म्हणजे हाड की कातडी? ते कशाचे बनलेले असते?

नख हा त्वचेचाच एक भाग आहे. ते केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनते. हेच प्रथिन केसांत, बैलाच्या शिंगात आणि गुरांच्या खुरांतही असते. या प्रथिनाच्या साखळ्यांना गंधकयुक्त बंध जागोजागी टाके घालतात आणि त्यामुळे नखाला कठीणपणा येतो. नख जळाले की केस जळाल्यासारखा वास येतो तो याच गंधकामुळे. कॅल्शियम नखात असते, पण वजनाच्या हजार भागांत एक-दोन भाग इतकेच, आणि कठीणपणात त्याचा वाटा नगण्य आहे. हाताच्या नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते व तेवढ्यातही तीन थर असतात. मधल्या, सर्वांत जाड थरातील तंतू आडवे बसवलेले असल्यामुळे नख फाटते तेव्हा ते बहुधा आडवे फाटते आणि चीर मुळापर्यंत पोहोचत नाही. निसर्गाची ही रचना मला आजही थक्क करते.

२. नखाचे भाग कोणते आणि ते नेमके कोठून वाढते?

जो कठीण भाग आपण कापतो ती नखपट्टी होय. तिच्या खाली रक्तवाहिन्यांनी भरलेली गुलाबी गादी असते, तिला नखशय्या म्हणतात. दोन्ही बाजूंना आणि मागे त्वचेच्या घड्या असतात, आणि मागच्या घडीच्या कडेला क्युटिकल नावाची पातळ झिल्ली नखाला घट्ट चिकटून पाणी व जंतू आत जाऊ देत नाही. ब्यूटी पार्लरमध्ये हीच झिल्ली कापून काढतात, ते करू नये. वाढीचे खरे ठिकाण मागच्या घडीखाली काही मिलिमीटर आत दडलेले असते, ते नखमूळ. तेथे नव्या पेशी सतत जन्माला येतात, चपट्या होतात, केराटिनने भरतात, आपले केंद्रक गमावून मरतात आणि मागून येणाऱ्या पेशींच्या रेट्याने पुढे सरकतात. नखमुळाचा मागचा भाग पट्टीचा वरचा थर घडवतो आणि पुढचा भाग खालचा थर घडवतो. हा भेद लक्षात ठेवावा, प्रश्न ९ मध्ये तो उपयोगी पडेल.

३. नख किती वेगाने वाढते?

हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर आणि पायाचे सुमारे १ मिलिमीटर वाढते. त्यामुळे हाताचे नख पूर्ण नवे येण्यास साधारण ६ महिने आणि पायाच्या अंगठ्याचे येण्यास १२ ते १८ महिने लागतात. यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, मेंदी लावतात; तळहाताचा रंग दोन आठवड्यांत जातो, कारण तेथील त्वचा झडते, पण नखावरचा रंग केराटिनला धरून बसतो. घडीजवळून बिनरंगी नवे नख चंद्रकोरीसारखे पुढे येऊ लागते आणि शेवटची केशरी कड दिवाळीच्या सुमारास नेलकटरखाली जाते. आखाजी ते दिवाळी हे अंतर जवळजवळ सहा महिन्यांचेच आहे.

विल्यम बीन या अमेरिकन वैद्याने स्वतःच्या नखावर खूण करून तिची वाटचाल ३५ वर्षे नोंदवली आणि १९८० मध्ये ती प्रसिद्ध केली. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते आणि ६७ व्या वर्षी ०.०९५ मिलिमीटर. वयानुसार वेग मंदावतो याचा इतका चिकाटीने गोळा केलेला पुरावा क्वचितच सापडेल.

४. एकाच हाताच्या बोटांची नखे कमी-जास्त वेगाने का वाढतात? उन्हाळ्यात ती लवकर वाढतात हे खरे का?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मधल्या बोटाचे नख सर्वांत वेगाने वाढते, तर अंगठ्याचे आणि करंगळीचे मागे राहते. ज्या हाताने आपण काम करतो त्या हाताची नखेही किंचित लवकर वाढतात. भुसावळच्या वैशाखात नखे पौषापेक्षा थोडी अधिक वाढतात, परंतु हा फरक नुसत्या डोळ्यांना क्वचितच जाणवतो. गरोदरपणात वेग वाढतो. प्लास्टरमध्ये बांधलेल्या हाताची नखे मंदावतात.

५. नख मेलेल्या पेशींचे असते, मग ते उपटले तर इतके का दुखते?

नखपट्टीत मज्जातंतू नाहीत, म्हणून कापताना काही वाटत नाही. वेदना होते ती खालच्या नखशय्येला, कारण तेथे मज्जातंतूंची दाटी असते. याच दाटीमुळे नख स्पर्शाचे साधनही ठरते. बोटाच्या टोकाने आपण एखादी वस्तू दाबतो तेव्हा मागची कठीण पट्टी त्या दाबाला आधार देते, आणि म्हणूनच डाळीतला बारीक खडा चिमटीत सापडतो. ज्यांचे नख निघाले आहे त्यांना सुई उचलणेदेखील जड जाते.

६. माझ्या सगळ्या बोटांवर पांढरी चंद्रकोर दिसत नाही. हे अशक्तपणाचे लक्षण आहे का?

नाही. ती चंद्रकोर म्हणजे नखमुळाचा घडीबाहेर डोकावणारा पुढचा भाग असतो. अंगठ्यावर ती बहुधा दिसते आणि करंगळीवर बहुधा घडीखाली झाकलेली राहते. पूर्वी स्पष्ट दिसणारी चंद्रकोर नाहीशी झाली किंवा तिचा रंग बदलला, तरच तपासणी करून घ्यावी.

७. मुलाच्या नखांवर पांढरे ठिपके आले आहेत. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू का?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक वेळी नकारार्थी आहे. नखमुळाला बारीकसा मार लागला, बोट दारात सापडले, मुलाने क्युटिकल कुरतडली, की तेथील काही पेशी नीट पक्व न होता पट्टीत अडकतात आणि त्यांच्यावरून प्रकाश वेगळ्या प्रकारे परावर्तित झाल्याने ठिपका पांढरा दिसतो. तो मार काही आठवड्यांपूर्वीचा असल्यामुळे कोणाच्या लक्षात राहत नाही आणि दोष कॅल्शियमवर जातो. ठिपका नखाबरोबर पुढे सरकून आपोआप कापला जातो. दहाही बोटांची नखे सारखी पांढरी पडली असतील तर मात्र ती वेगळी बाब आहे. यकृताच्या, मूत्रपिंडाच्या किंवा रक्तातील प्रथिनांच्या विकारात तसे होऊ शकते.

८. नखांवर रेषा उमटल्या आहेत. त्या कशाच्या?

रेषा उभ्या आहेत की आडव्या, हे आधी पाहावे. मुळापासून टोकाकडे जाणाऱ्या बारीक उभ्या रेषा वयोमानाने येतात आणि त्या केसांच्या पिकण्याइतक्याच निरुपद्रवी असतात. एकच उभी रेघ गडद काळी किंवा तपकिरी असेल तर प्रश्न १५ पाहावा.

आडवी खाच ही मात्र वाचण्यासारखी नोंद असते. जोराचा ताप, मोठी शस्त्रक्रिया, डेंग्यू किंवा टायफॉइडसारखा आजार आला की शरीर नखमुळाचे काम काही दिवस जवळजवळ थांबवते, आणि काम पुन्हा सुरू झाल्यावर त्या खंडाची खाच पट्टीवर उरते. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला बो यांची रेषा म्हणतात. खाच सर्व बोटांवर एकाच अंतरावर असेल तर कारण संपूर्ण शरीराचे समजावे. एकाच बोटावर असेल तर त्या बोटाला झालेली इजा समजावी.

आजाराचा काळही काढता येतो. समजा, खाच घडीपासून ६ मिलिमीटर पुढे आहे. महिन्याला ३ मिलिमीटर या हिशेबाने ती घडीबाहेर येऊन दोन महिने झाले, आणि घडीखालून बाहेर येण्यास तिला त्याआधी साधारण एक महिना लागलेला असतो, म्हणजे आजार सुमारे तीन महिन्यांपूर्वीचा. कार्तिकात आलेल्या रुग्णाला मी नख पाहून पोळ्याच्या सुमारास ताप आला होता का, असे विचारतो तेव्हा त्याच्याबरोबर आलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. त्यात ज्योतिष काहीच नाही, साधी त्रैराशिके आहेत.

९. नखावर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे पडले आहेत. हे काय आहे?

असे खड्डे सोरायसिसमध्ये विशेष दिसतात. नखमुळाचा मागचा भाग पट्टीचा वरचा थर घडवतो (प्रश्न २). त्या भागात दोषयुक्त पेशींचे पुंजके तयार झाले, की ते घडीबाहेर आल्यावर गळून पडतात आणि मागे खड्डा उरतो. केसांची चाई आणि इसब यांतही खड्डे पडतात. एखाद-दुसरा खड्डा निरोगी माणसाच्या नखावरही असतो. पुष्कळ असतील आणि जोडीला कोपर, गुडघे किंवा डोक्यावर खवले असतील किंवा सांधे दुखत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

१०. नखे ठिसूळ झाली आहेत, टोकाला पापुद्रे सुटतात. काय खावे?

खाण्यापेक्षा पाण्याचा विचार आधी करावा. नख दिसते कठीण, पण त्वचेच्या मानाने त्यातून पाणी कितीतरी सहज आत-बाहेर जाते. धुणे-भांडी करताना नख फुगते, वाळल्यावर आकसते, आणि दिवसातून वीस वेळा हे घडले की थरांमधील सांधा सुटतो. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणाने यात भर पडते. रबरी हातमोजे घालावेत, हात पुसून लगेच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळावे, नखे आखूड ठेवावीत. हे सहा महिने केल्याशिवाय फरक दिसणार नाही, कारण सुटलेला पापुद्रा कोणत्याही तेलाने पुन्हा जुळत नाही. आहार पुरेसा असताना बायोटिनच्या गोळ्यांचा लाभ होतो याचा पुरावा तोकडा आहे, आणि मोठ्या मात्रेत घेतलेले बायोटिन थायरॉइडच्या व हृदयाच्या काही रक्त चाचण्यांचे आकडे चुकवू शकते. लोहाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार यांमुळेही नखे ठिसूळ होतात, म्हणून त्या दोन तपासण्या करून घेणे योग्य.

११. केळीच्या चिकाने नखे काळी पडली आहेत. हा रोग तर नाही ना?

घड उतरवणाऱ्या आणि फण्या करणाऱ्या मजुरांच्या नखांवर हा रंग हंगामभर असतो. केळीचा चीक ताजा असताना जवळजवळ पाण्यासारखा दिसतो. त्यातील टॅनिनसारख्या द्रव्यांचा हवेशी संयोग झाला की तो तपकिरी-काळा होतो आणि कपड्याप्रमाणेच नखालाही धरून बसतो. तो रोग नाही. ओळख पटवायची असेल तर डागाची मागची कड पाहावी. बाहेरून लागलेला रंग काम थांबल्यावर नखाबरोबर पुढे सरकतो आणि त्याची मागची कड त्वचेच्या घडीला समांतर राहते. आतून आलेल्या रंगाची कड चंद्रकोरीच्या आकाराशी जुळते. शिवाय बाहेरचा डाग पात्याने हलकेच खरवडला तर निघतो. कामाआधी हातांना तेल लावावे किंवा हातमोजे घालावेत. ब्लीचिंग पावडरने नखे घासणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की डाग जाईल, पण क्युटिकलही जाईल आणि मग पुढच्या प्रश्नाचे उत्तर वाचावे लागेल.

१२. कापूस वेचताना दरवर्षी नखुरडे होते. का होते आणि काय करावे?

पऱ्हाटीच्या वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात. ती नखाच्या कडेला टोचतात, सालटे निघते, ते सालटे आपण दातांनी ओढतो आणि त्या फटीतून जंतू आत शिरतात. कड लाल होते, ठणकते, दोन दिवसांत पू भरतो. पू होण्याआधी कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा बोट बुडवून शेकावे. पू भरल्यावर मात्र घरी सुईने न फोडता दवाखान्यात निचरा करून घ्यावा. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नये. सालटे ओढू नये, नेलकटरने कापावे.

सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणारे, पू नसलेले, घडी सुजलेली ठेवणारे नखुरडे वेगळे असते. ते सतत ओल्या हातांचे दुखणे आहे आणि हात कोरडे ठेवल्याखेरीज कोणत्याही मलमाने बरे होत नाही. सूज नखमुळापर्यंत पोहोचली तर नवे नख वेडेवाकडे येते.

१३. पायाच्या अंगठ्याचे नख जाड आणि पिवळे झाले आहे. बुरशीचे औषध मेडिकलमधून आणून घेऊ का?

आणू नये. जाड, पिवळी सर्वच नखे बुरशीची नसतात. घट्ट बूट, जुनी इजा, सोरायसिस आणि वार्धक्य यांमुळेही नख तसेच दिसते. नखाखालचा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर खात्री होते, आणि ही तपासणी स्वस्त आहे. बुरशी सिद्ध झाल्यास टर्बिनाफिनसारखे पोटातून घेण्याचे औषध हाताच्या नखासाठी साधारण ६ आणि पायाच्या नखासाठी १२ आठवडे दिले जाते, व त्यासाठी यकृताची तपासणी आवश्यक असते. गोळ्या संपल्या तरी नख तसेच दिसते म्हणून अनेक जण औषध फसले असे समजतात. बुरशी गेलेली असते, पण बिघडलेली पट्टी कापली जाण्यास प्रश्न ३ मध्ये सांगितलेले १२ ते १८ महिने लागतातच.

१४. ठेच लागून नख काळेनिळे झाले. ते पडेल का? पुन्हा येईल का?

नखाखाली रक्त साकळले आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत असह्य ठणका असेल तर डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून रक्त काढतात आणि ठणका तत्काळ थांबतो. रक्त अधिक असेल तर नख सैल होऊन काही आठवड्यांत पडते. ते ओढून काढू नये, कारण खालच्या कोवळ्या शय्येला तेच उत्तम आच्छादन असते. नखमूळ शाबूत असेल तर नवे नख येते.

१५. नखावर एक काळी उभी रेघ आहे. घाबरावे का?

आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत, विशेषतः अनेक बोटांवर अशा फिकट रेघा असणे सामान्य आहे; नखमुळातील रंगद्रव्याच्या पेशी जाग्या झाल्या की त्या उमटतात. परंतु एकाच बोटावर, विशेषतः अंगठ्यावर, प्रौढ वयात नव्याने आलेली, रुंद होत जाणारी, कडा अस्पष्ट असलेली किंवा रंग घडीच्या त्वचेवर पसरलेली रेघ नखमुळाच्या कर्करोगाची असू शकते. असे दुर्मीळ असले तरी त्यात उशीर महागात पडतो. ठेचेचा डाग आणि ही रेघ यांत गोंधळ होतो. ठेचेचा डाग पुढे सरकतो व त्याच्या मागे स्वच्छ नख येते, रेघ मुळापासून टोकापर्यंत तशीच राहते.

१६. नखे चमच्यासारखी खोलगट किंवा घड्याळाच्या काचेसारखी फुगीर झाली तर?

खोलगट नखे बहुधा लोहाची कमतरता दाखवतात. तान्ह्या बाळाच्या पायाची नखे मात्र स्वभावतःच खोलगट असतात आणि पुढे सरळ होतात. येथे एक सूचना करणे आवश्यक वाटते. सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबारपासून चोपड्यापर्यंत, भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि त्यातही नखे फिकट दिसतात. त्यामुळे फिकट नखे पाहून परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू न करता रक्त तपासून घ्यावे.

फुगीर नखांसाठी सोपी चाचणी आहे. दोन्ही हातांची तीच बोटे नखाला नख लावून पाठमोरी जुळवावीत. निरोगी नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. ती दिसली नाही तर फुप्फुसांची आणि हृदयाची तपासणी करावी. हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांना ही खूण स्वतःच्याच आजारपणात स्वतःच्या बोटांवर आढळली होती.

१७. नखे कशी कापावीत? पायाचे नख मांसात घुसते ते कशाने?

पायाची नखे सरळ रेषेत कापावीत आणि कोपरे आत खोल गोल करू नयेत. खोलवर कापलेला कोपरा वाढताना मांसात रुततो आणि पुढे दर वेळी अधिक खोल कापण्याचा मोह होतो. आंघोळीनंतर नखे मऊ असतात, तेव्हा ती कापणे सोपे जाते. रात्री नखे कापू नयेत असे वडीलधारी मंडळी सांगत, ते कंदिलाच्या उजेडात आणि नराणीने कापण्याच्या काळी अगदी व्यवहार्य होते.

१८. बाळाला जन्मतःच एवढी लांब नखे कशी?

गर्भात सुमारे दहाव्या आठवड्यापासून नखे घडू लागतात. हाताची नखे ३२ व्या आणि पायाची ३६ व्या आठवड्याच्या सुमारास बोटाच्या टोकापर्यंत पोहोचतात. दिवस भरलेल्या बाळाची नखे म्हणून लांब असतात. ती बाळ झोपले असताना कापावीत, दातांनी कुरतडू नयेत.

१९. मृत्यूनंतर नखे वाढतात का?

वाढत नाहीत. नव्या पेशी घडण्यास रक्तातून येणारी साखर आणि प्राणवायू लागतो. मृतदेहाची त्वचा सुकून मागे सरकते आणि झाकलेले नख उघडे पडते, म्हणून ते वाढल्यासारखे वाटते.

२०. नखांवर नखे घासल्याने केस वाढतात का?

याला विश्वसनीय पुरावा नाही. केस आणि नख एकाच प्रथिनाचे असतात एवढेच त्यांचे नाते आहे. जोराने घासल्यास क्युटिकल मात्र झिजते.

२१. शस्त्रक्रियेआधी नेलपॉलिश का काढायला लावतात?

बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र तांबडा आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार पाठवून मोजमाप करते आणि गडद रंग त्यात अडथळा आणू शकतो. शिवाय नखाचा निळसरपणा डॉक्टरांना डोळ्यांनी पाहता आला पाहिजे. नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला, तर बोटाला रक्तपुरवठा ठीक आहे असे समजतात.

२२. कडबाकुट्टीत बोटाचे टोक गेले. नख परत येईल का?

किती भाग गेला यावर सारे अवलंबून आहे. नखाचा फक्त पुढचा भाग गेला आणि नखमूळ व हाड शाबूत असेल तर नख बहुतेक पूर्ववत येते. लहान मुलांत तर टोकाचे मांसही आश्चर्यकारक रीतीने भरून येते. टोकाचे हाड गेले आणि नखमूळ राहिले, तर नख वाढते पण त्याला खालून आधार नसल्याने ते पोपटाच्या चोचीसारखे पुढे वाकते. नखमूळ पूर्ण गेले तर नख कधीच येत नाही. ते अर्धवट राहिले, तर काही महिन्यांनी बोटाच्या टोकातून नखाचा काटा बाहेर येतो. असा काटा दिसल्यावर अनेक जण औषध लावत बसतात. तो उरलेल्या मुळासह शस्त्रक्रियेने काढावा लागतो. तुटलेला तुकडा मिळाला असेल तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, ती पिशवी बर्फात ठेवावी, तुकडा थेट बर्फावर ठेवू नये, आणि जखमेला हळद किंवा चुना न लावता दाबून बांधून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.